घरामागचं सर्व्हिस स्टेशन: तक्रार नेमकी कशाची करायची?

खिडकीपाशी | सोमवार, रात्री ११.२०

नमस्कार. लिहू की नको करत महिना गेला, पण आज इमारतीत झालेल्या बैठकीनंतर राहवत नाही.

आमच्या इमारतीच्या मागच्या कुंपणभिंतीला लागून चारचाकी गाड्यांचं सर्व्हिस स्टेशन आहे. बाबांच्या खोलीची खिडकी आणि त्यांचा धुलाईचा रॅम्प यांत पंधरा-सोळा पावलांचं अंतर असेल. सकाळी साडेसातला पहिली गाडी रॅम्पवर चढते. मग दिवसभर पाण्याचा फवारा, चाकाचे नट सोडवणाऱ्या गनचा कर्रर्र आवाज, कुणीतरी रेस देऊन इंजिन ऐकत बसलेलं. दुपारी पत्र्याची ठोकाठोक. आठवड्यातून दोन-तीनदा रंगाचा वास येतो, आणि बाबांना दमा आहे. फाटकापाशी पाणी साचतं, त्यावर तेलाचा तवंग. रात्री त्यांचा दिवा थेट आमच्या छतावर. आणि रात्रीच मध्येच कुठूनतरी घरघर सुरू होते, थांबते, परत सुरू होते.

बैठकीत ठरलं की 'हे स्टेशन बंद करावे' असा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्यायचा. चाळीसपैकी एकतीस घरांनी सही केली. कागद माझ्याकडे आला तेव्हा हात अडला. तिथे अकरा जण काम करतात. बाबा मागे जिन्यात पडले होते, तेव्हा त्यातल्याच दोघांनी भिंतीवरून उडी मारून येऊन त्यांना उचलून गाडीत बसवलं. त्यांचं काम जावं असं मला वाटत नाही. पण बाबा रात्र रात्र बसून काढतात, हेही तितकंच खरं आहे.

याआधी आम्ही तीनदा तोंडी आणि एकदा लेखी तक्रार केली. दर वेळी 'त्रास होतो' म्हणालो, दर वेळी 'बघतो' असं उत्तर मिळालं. अशा भांडणातून कुणी खरोखर मार्ग काढला आहे का? काढला असेल तर तपशिलात सांगाल का?

रातराणी | सोमवार, रात्री ११.५२

ताई, सही करा. मी स्पष्टच सांगते. आमच्या गल्लीत तीन वर्षं समजुतीने घेतलं. दर सहा महिन्यांनी नवा व्यवस्थापक, त्याला पहिल्यापासून सगळं सांगायचं, तो मान डोलावणार, आणि चार दिवसांनी येरे माझ्या मागल्या. घरं राहण्यासाठी असतात. ज्याला आवाजाचा धंदा करायचा त्याने वस्तीबाहेर जावं. तुमच्या मनातली कणव मला समजते, पण तुमच्या बाबांची कणव कोण करणार?

पाना-तेरा | मंगळवार, सकाळी ६.४०

ताई, मी चौदा वर्षं अशाच एका सर्व्हिस स्टेशनात काम केलं आहे. आता स्वतःचं छोटं गॅरेज आहे आणि मलाही शेजारी आहेत. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं कळतं.

तुम्ही 'त्रास' म्हणता तेव्हा समोरच्याला वाटतं की धंदाच नको आहे यांना. मग तो कान बंद करतो. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला आठ वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि आठांची कारणं आठ आहेत. काही आजच्या आज थांबतील, काहींना महिने लागतील, एखादी कदाचित थांबणारच नाही. त्या एका गाठोड्यात बांधल्या की सोपीसुद्धा अवघड होते.

गनचं घ्या. नट सोडवताना जो आवाज होतो तो आतल्या हातोडीच्या ठोक्यांचा, आणि त्यासोबत बाहेर पडणाऱ्या हवेचा. काम शेडच्या आत, भिंतीकडच्या बाजूला न करता रस्त्याकडच्या बाजूला केलं तरी तुमच्याकडे फरक पडेल. हवा मारून धूळ उडवतात तो शिट्टीसारखा आवाज बहुतेक वेळा उघड्या नळीचा असतो. त्याला कमी आवाजाचा नोझल मिळतो, बसवायला एक मिनिट लागतं. आमच्याकडे तो बसवला तेव्हा पहिला आराम आम्हालाच मिळाला.

पण मला खरी उत्सुकता रात्रीच्या घरघरीची आहे. रात्री तिथे कुणी काम करतं का? करत नसेल, तर किती वेळाने सुरू होते आणि किती वेळ चालते, एवढं फक्त घड्याळ लावून बघाल का? माझा एक अंदाज आहे, पण आधी तुमचे आकडे येऊ देत.

मोजपट्टी | मंगळवार, सकाळी १०.०५

पाना-तेरा यांच्याशी पूर्ण सहमत. ध्वनिमापन हेच माझं काम असल्याने थोडं सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे वही घाला. तारीख, वेळ, कशाचा आवाज, किती वेळ चालला, तेव्हा खिडकी उघडी होती का, आणि घरात काय अडलं: झोपमोड, फोनवर बोलणं, अभ्यास. दोन आठवडे पुरेत. शक्य असेल तर तीन वेगवेगळ्या मजल्यांवर तीन वह्या ठेवा, कारण भिंतीच्या आडोशाला असलेला तळमजला आणि भिंतीवरून थेट खाली बघणारा तिसरा मजला यांना एकच आवाज फार वेगळा ऐकू येतो.

फोनवरच्या ॲपने मोजता येईल, पण त्यातला आकडा जसाच्या तसा खरा मानू नका. तुलनेसाठी मात्र तो चालतो. स्टेशन बंद असताना त्याच खिडकीत, त्याच फोनने मोजा. मग चालू असताना मोजा. दोन्हींत १० डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर तुम्ही मोजलेला आवाज जवळपास सगळा तिथलाच आहे असं समजायला हरकत नाही. डेसिबल हे साध्या बेरजेने वाढत नाहीत. सारख्या आवाजाची दोन यंत्रं एकत्र चालली तर आकडा फक्त ३ ने वाढतो, आणि कानाला आवाज साधारण निम्मा वाटायला तो १० ने उतरावा लागतो. म्हणून तीन कमी आवाजाची यंत्रं बंद करण्यापेक्षा एक मोठं यंत्र शांत करणं केव्हाही फायद्याचं.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली वस्तीतल्या आवाजाबद्दल मार्गदर्शक मर्यादा सुचवल्या. झोपायच्या खोलीत रात्री सरासरी ३० डेसिबल, मध्येच उठणारा एखादा आवाज ४५ च्या आत. खिडकीबाहेर रात्री सरासरी ४५, म्हणजे खिडकी किंचित उघडी ठेवून झोपलं तरी आत ३० राहील. तुमच्या इथे कायद्याने कोणती मर्यादा लागू आहे ते स्थानिक कार्यालयात विचारा, कारण ती जागा निवासी धरली आहे की व्यापारी यावर ती ठरते. पण झोपेला काय लागतं, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

आता एक गोम. रात्रीची घरघर मोजाल तेव्हा आकडा बिनधोक येऊ शकतो, आणि कुणीतरी तुम्हाला सांगेल की 'बघा, मर्यादेत आहे.' साधी मापनं 'ए' नावाच्या पट्टीवर होतात. ही पट्टी खालच्या सुरातले आवाज कमी धरते, १०० हर्ट्झला (म्हणजे सेकंदाला १०० कंपनं) तर जवळपास १९ डेसिबलने कमी. आणि ५० हर्ट्झच्या विजेवर चालणाऱ्या मोटरची गुणगुण नेमकी १०० हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे जो आवाज भिंतीतून आणि उशीतून जाणवतो तोच आकड्यात बारीक दिसतो. तपासणीला कुणी आलं तर 'सी' पट्टीवरही मोजायला सांगा, ती खालचे सूर फारसे कमी धरत नाही. दोन्हींत मोठी तफावत दिसली की खालच्या सुराचा आवाज आहे हे कागदावर येतं.

याच कारणाने भिंत उंच करण्याचा आग्रह घाईने धरू नका. गनचा तीक्ष्ण आवाज ३००० हर्ट्झच्या आसपास असेल तर त्याची लाट फक्त ११ सेंटिमीटरची, तिला भिंत अडवते. १०० हर्ट्झची लाट ३.४ मीटरची. ती तुमच्या कुंपणभिंतीला वळसा घालून येते. झाडांच्या रांगेने तर आवाज नावापुरताच कमी होतो, दिसायचं बंद होतं इतकंच. (तेही थोडं बरं वाटतं, हे मान्य.)

ओसरी | मंगळवार, दुपारी १.३०

वाचतेय. आमच्या मागे बेकायदा नाही पण असंच एक वॉशिंग सेंटर आहे. ११ सेंटिमीटर आणि ३.४ मीटरचं वाचून पहिल्यांदाच कळलं की भिंत बांधूनही रात्री का ऐकू येतं.

सरळरेषा | मंगळवार, दुपारी ३.१५

एक साधा प्रश्न. आधी कोण आलं, स्टेशन की इमारत? स्टेशन आधीपासून असेल तर घर घेताना ते दिसलंच असणार. मग आता तक्रार करणं कितपत न्याय्य?

तिसरी-बाजू | मंगळवार, सायंकाळी ७.४८

सरळरेषा, हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तर वाटतं तितकं सरळ नाही. १८७९ साली लंडनमध्ये अगदी असाच खटला गाजला. एक मिठाईवाला वीस वर्षांहून अधिक काळ आपल्या स्वयंपाकघरात मोठे खलबत्ते चालवत होता. शेजारी एक डॉक्टर राहायला आला, त्याने काही वर्षांनी बागेच्या टोकाला, नेमकी त्या भिंतीला लागून, रुग्ण तपासायची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. न्यायालयाने कौल डॉक्टरच्या बाजूने दिला. आधी आलास म्हणजे कायमचा हक्क मिळाला असं नाही, असा त्याचा अर्थ झाला.

पुढे १९६० साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने याच खटल्याचं उदाहरण घेऊन वेगळाच मुद्दा मांडला. मिठाईवाला डॉक्टरला त्रास देतो हे खरं, पण त्याला थांबवलं तर डॉक्टरही मिठाईवाल्याचं नुकसान करतो. त्रास दोन्ही बाजूंनी असतो. दोघांना बसून बोलणं सहज शक्य असेल, तर कुणाच्या हातात हक्क आहे याने फारसं न बिघडता ते एकूण कमी नुकसानीचा मार्ग शोधतील. कोस यांना १९९१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यात या विचाराचा मोठा वाटा होता.

मला यातला 'सहज शक्य असेल तर' हा भाग महत्त्वाचा वाटतो. तिथे दोन माणसं होती. इथे एका बाजूला चाळीस घरं आहेत, प्रत्येकाचं दुखणं वेगळं, आणि दुसऱ्या बाजूला मालक, व्यवस्थापक, कामगार. बोलणंच इतकं अवघड की लोक अर्जाकडे वळतात. म्हणून खिडकीपाशीताई, मी म्हणेन की चाळीस घरांच्या वतीने बोलायला तीनच माणसं नेमा. त्यातलं एक असं असू द्या ज्याला स्टेशनचा राग नाही, आणि एक असं ज्याला सगळ्यांत जास्त त्रास होतो.

खिडकीपाशी | दोन आठवड्यांनी, रविवार

सगळ्यांचे आभार. मी सही थांबवली. 'पंधरा दिवस द्या' एवढंच बैठकीत मागितलं, आणि खूप ऐकून घेतलं.

तीन वह्या घातल्या: आमची पहिल्या मजल्यावर, एक तिसऱ्यावर, एक तळमजल्यावर. त्यातून जे निघालं त्याने मी स्वतः चकित झाले आहे. मला वाटत होतं, गनचा आवाज दिवसभर असतो. तो नसतो. सकाळी दहा ते साडेबारा आणि संध्याकाळी पाच ते सात, एवढाच असतो, बाकी वेळी मी त्याची वाट बघत ताणलेली असते. रंगाचा वास दोन आठवड्यांत पाच वेळा आला, पाचही वेळा दुपारी तीननंतर. रेस द्यायचा आवाज जवळजवळ रोज संध्याकाळी सहानंतर, म्हणजे गाडी ग्राहकाला द्यायच्या आधी. तळमजल्याच्या वहीत गनबद्दल एक ओळ नाही, पण पानंच्या पानं साचलेल्या पाण्याबद्दल. तिसऱ्या मजल्याच्या वहीत दिवा.

आणि रात्र. पाना-तेरादादा, तुम्ही सांगितलं तसं घड्याळ लावलं. पहिल्या रात्री ११.१०, ११.५२, १२.३३, १.१५... दर चाळीस-बेचाळीस मिनिटांनी. प्रत्येक वेळी तीन मिनिटांच्या आसपास चालते. सकाळपर्यंत. बाबा म्हणाले, 'मला वाटायचं माझंच काहीतरी होतंय.' दोन वर्षं ते कुणाला बोलले नव्हते. आकडे बघून डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

पाना-तेरा | रविवार, रात्री ९.१५

ताई, हेच वाटलं होतं. तो कॉम्प्रेसर आहे, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं यंत्र, आणि त्यांची हवा गळते आहे.

टाकीतला दाब ठरावीक पातळीखाली गेला की स्विच आपोआप मोटर सुरू करतो, टाकी भरली की बंद करतो. रात्री हवा कुणी वापरत नसताना दर चाळीस मिनिटांनी मोटर लागते, म्हणजे कुठल्यातरी जोडातून, जुन्या होजमधून किंवा खालच्या पाणी काढायच्या कॉकमधून हवा जाते आहे. साबणाचं पाणी जोडांवर लावलं की बुडबुडा येतो तिथे गळती. तोवर रात्री जाताना टाकीचा मुख्य व्हॉल्व्ह आणि मोटरचा स्विच, दोन्ही बंद करायचे. एवढंच काम.

हे सांगताना तक्रार म्हणून सांगू नका. हवा गळते म्हणजे त्यांची वीज जाते, मोटर झिजते. वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेस केलेल्या हवेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त गळतीत जाणं अजिबात नवलाचं नसतं. मालकाला हे कळलं तर तो तुमचे आभार मानेल.

आणि त्या यंत्राखाली रबरी पॅड आहेत का तेही बघायला सांगा. जमिनीत पक्कं बोल्ट केलं असेल तर धक्के जमिनीतून आणि भिंतीतून तुमच्याकडे येतात. यंत्र आणि लोखंडी पाइप यांच्यात लवचिक होजचा तुकडा हवा. पेटीत बंद करणार असतील तर हवा खेळायला जागा ठेवायलाच हवी, नाहीतर यंत्र तापतं.

खिडकीपाशी | बुधवार, रात्री १०.३०

आज गेलो होतो. मी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि तळमजल्यावरचे एक गृहस्थ, जे सही करायला सगळ्यांत पुढे होते.

व्यवस्थापक सुरुवातीला अगदी तुटक बोलले. मागच्या वेळी आठ जण ओरडत आत शिरले होते, ग्राहकांसमोर, हे ते विसरले नव्हते. मी म्हटलं, आज फक्त एक गोष्ट दाखवायला आलोय, आणि वहीतलं रात्रीचं पान पुढे केलं.

ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, 'रात्री? रात्री इथे आवाज होतो?' साडेआठला कुलूप लावून सगळे घरी जातात. दोन वर्षं आम्ही 'आवाज, आवाज' म्हणत होतो आणि त्यांच्या डोळ्यांसमोर दिवसाचं काम येत होतं. ज्या आवाजाने बाबांची झोप गेली तो ऐकायला तिथे कुणी नव्हतंच.

कॉम्प्रेसर कुठे आहे ते त्यांनी स्वतः दाखवलं. बाबांच्या खिडकीच्या बरोब्बर खाली, भिंतीला टेकून, जमिनीत बोल्ट केलेला. स्विच आजपासून बंद करतो म्हणाले. आत्ता साडेदहा वाजलेत. मी जागी आहे. अजून काही ऐकू आलेलं नाही.

खिडकीपाशी | गुरुवार, सकाळी ६.०५

बाबा झोपलेत. मी उठून तीनदा दाराशी जाऊन बघितलं.

रातराणी | गुरुवार, सकाळी ८.४०

मनापासून आनंद झाला. पण ताई, इथेच सांभाळा. एक स्विच बंद केला की मग 'तुमचं ऐकलं ना' म्हणून बाकीचं लांबवतात, हे मी भोगलं आहे. आणि हा व्यवस्थापक गेला तर पुढचा स्विच बंद करेल याची हमी काय? जे ठरेल ते लिहून घ्या, मालकाची सही घ्या, आणि कधी तपासायचं ती तारीखही त्यातच घाला.

मोजपट्टी | गुरुवार, सकाळी ९.२०

रातराणीताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. कागद हवाच. एक भर घालतो: कामगारांचाही विचार त्या कागदात येऊ द्या. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस अशी की ८५ डेसिबलमध्ये आठ तासांहून जास्त राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी. १०० डेसिबलला ती मर्यादा १५ मिनिटांवर येते. गनजवळ उभ्या असलेल्या मुलाला हे रोज सोसावं लागतं. तुम्ही मागाल त्यातल्या निम्म्या गोष्टी त्याच्याही कानांच्या भल्याच्या आहेत, आणि तशा शब्दांत मागितल्या तर आतूनच कुणीतरी तुमच्या बाजूने बोलेल.

गाळ-आणि-पाणी | गुरुवार, दुपारी २.१०

तळमजल्याच्या वहीबद्दल लिहितो, सांडपाणी हा माझा विषय आहे.

गाड्या धुतलेल्या पाण्यात माती, ग्रीस, इंजिन ऑइल आणि साबण असतो. ते पाणी गटारात सोडण्याआधी तेल वेगळं करणाऱ्या टाकीतून जायला हवं. टाकी साधी असते: पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, आणि पुढे जाणारं पाणी खालच्या बाजूने घेतलेलं असतं म्हणजे वरचं तेल मागे राहतं. तुमच्या फाटकापाशी तवंग दिसतोय याचे अर्थ तीन: टाकीच नाही, टाकी आहे पण कधी उपसलेली नाही, किंवा टाकी ठीक आहे पण साबण चुकीचा आहे.

तिसरं कारण लोक विसरतात. कडक डिटर्जंट तेलाचे इतके बारीक थेंब करतो की ते वर यायलाच तयार नसतात. थेंबाचा व्यास निम्मा झाला तर वर येण्याचा वेग चौथाई होतो. मग टाकीत कितीही वेळ पाणी ठेवा, तेल त्याच्यासोबत पुढे जातं आणि बाहेर शांत पाण्यात हळूहळू फुटून वर येतं. म्हणून 'टाकी दाखवा' एवढंच न म्हणता 'शेवटची कधी उपसली' आणि 'इंजिन धुवायला काय वापरता' हे दोन प्रश्न विचारा. आणि जळकं ऑइल कुठे जातं तेही. ते बंद पिंपात साठवून पुनर्वापर करणाऱ्यांकडे गेलं पाहिजे, त्याचा एक थेंबही त्या टाकीत यायला नको. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेले धातू आणि जळण्यातून तयार होणारी कर्करोगकारक रसायनं असतात. पावसाळी गटार बहुधा कुठलीही प्रक्रिया न होता सरळ ओढ्या-नदीला मिळतं, म्हणून ते पाणी तुमच्या फाटकापुरतं राहत नाही.

स्टेथोस्कोप | गुरुवार, रात्री ११.००

बाकीचं सगळं महत्त्वाचं आहे, पण ताई, तुमच्या वहीतल्या त्या पाच दुपारी मला सगळ्यांत जास्त खटकतात.

गाड्यांच्या दोन भाग मिसळून वापरायच्या रंगात आणि वरच्या चकाकीच्या थरात जो कठीण करणारा घटक असतो, त्यात आयसोसायनेट असतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत ही रसायनं मोडतात. एकदा शरीर त्यांना चिडू लागलं की मग अगदी थोड्या मात्रेनेही झटका येऊ शकतो. आणि नाक इथे फसवतं. वास येतो तो प्रामुख्याने थिनरचा. वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही, आणि वास कमी आला म्हणजे कमी मारलं असंही नाही.

उघड्यावर फवारणी होत असेल तर ती थांबलीच पाहिजे, इथे मध्यम मार्ग नाही. बंद बूथ, त्यात आतली हवा खेचून घेणारा पंखा, फिल्टर, आणि धुरांडं आजूबाजूच्या खिडक्यांच्या वर. साधा फिल्टर रंगाचे कण अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही, त्यासाठी कार्बनचा थर वेगळा लागतो आणि तो भरला की बदलावा लागतो. फवारणाऱ्या मुलाला बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा, कापडी पट्टी नव्हे. बाबांच्या डॉक्टरांना ती पाच तारखांची यादी दाखवा आणि त्या दिवशी किती वेळा इनहेलर लागला तेही सांगा.

खिडकीपाशी | चार महिन्यांनी

खूप जणांनी विचारलं म्हणून पुढचं लिहिते. सगळं सुटलेलं नाही, ते आधीच सांगते.

स्टेशनचे मालक दुसऱ्या बैठकीला स्वतः आले. दोन पानी कागद झाला, दोन्हीकडच्या सह्या आहेत, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास बसायचं असं त्यात लिहिलं आहे. रातराणीताई, हे तुमच्यामुळे.

कॉम्प्रेसर रस्त्याकडच्या कोपऱ्यात हलवला, खाली पॅड, मध्ये होज. गळती सहा ठिकाणी निघाली. दिव्याचं तोंड खाली केलं, पत्र्याची झालर लावली, पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवा घातला. ते एका दुपारचं काम होतं, त्यासाठी आम्ही दोन वर्षं भांडलो. गन आता शेडच्या आत आणि नऊच्या आधी नाही. रेस देऊन बघायचं तर रस्त्याच्या तोंडाशी, भिंतीपाशी नाही.

पाण्याची टाकी होती, पण ती कधी उपसल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. उघडली तेव्हा गाळ काठोकाठ होता. आता उपसण्याच्या तारखा तिथल्या फळ्यावर लिहितात. तवंग पुष्कळ कमी झाला, पण इंजिन धुतलं की अजून दिसतो. साबण बदलून बघणं चालू आहे.

रंगावर मात्र खूप ओढाताण झाली. बूथ बांधणं इतक्यात जमणार नाही असं मालक म्हणाले, आणि मी स्टेथोस्कोप यांचा प्रतिसाद छापून नेला होता. तिथला रंगकाम करणारा मुलगा तो वाचत उभा राहिला. मग तो मालकांना म्हणाला की त्यालाही रात्री खोकला येतो. खोलीत कुणी काही बोललं नाही. आता मोठी रंगकामं दुसरीकडे, बूथ असलेल्या ठिकाणी पाठवतात. बारीक डाग अजून इथेच भरतात, तेव्हा आदल्या दिवशी कळवतात आणि आम्ही बाबांना पुढच्या खोलीत नेतो. मला हे पुरेसं वाटत नाही. पुढच्या बैठकीत पुन्हा हाच विषय पहिला घेणार आहे.

शनिवारी गाड्यांची रांग आमच्या फाटकापर्यंत येते, ते जसंच्या तसं आहे. फवाऱ्याचा आवाजही. अर्ज अजून सचिवांच्या कपाटात आहे, एकतीस सह्यांसकट. त्यांनी तो फाडला नाही आणि मीही फाडा म्हटलं नाही.

रातराणी | त्याच रात्री, १०.५८

ताई, मी तुम्हाला सही करा म्हणाले होते. आज वही आणली. आमच्याकडे घड्याळ लावून बसले आहे. पहिली नोंद १०.५० ची.

पाना-तेरा | रात्री ११.०४

किती मिनिटं चालला तेही लिहा. आणि पुढचा कधी लागतो ते बघा, मी जागा आहे.